लॉगॅरिदमला घाबरलेला माणूस

एम-थ्रीत केटी लागली. मी रूमवर तोंड पाडून बसलो होतो, तर रूममेटने ओढतच भिगवणला नेलं. उजनीच्या पाण्यात सहाजणांची होडी, आणि होडीवाले काकाच गाईड! त्यांनी पट्टकदंब दाखवले, हिमालय ओलांडून येणारे. तेव्हा सलीम अली आठवले.

जन्म १८९६चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. पोरवयात एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले.

पण कॉलेजात लॉगॅरिदमने जीव नकोसा केला. कॉलेज सोडून थेट ब्रह्मदेश! डिग्री नाही म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ला म्युझियममध्ये गाईड झाले, लोकांना पक्षी समजावायचे. पुढे जर्मनीत शिकून १९३०ला परतले, तर तीही नोकरी गेलेली. मग किहीमला राहून सुगरणीची घरटी दिवसेंदिवस न्याहाळली. त्या अभ्यासाने नाव झालं. १९४१ला भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. १९४५ला, पन्नाशीला टेकले असताना, ते कैलास-मानसरोवरला पोचले. पट्टकदंबांची वीण तिकडच्याच तळ्यांवर होते. १९७६ला पद्मविभूषण, आणि १९८७ला नव्वदीत निधन.

गणित त्यांना शेवटपर्यंत आलं की नाही, कुणी विचारलं नाही. मला मात्र विचारणार आहेत, म्हणून केटीचा फॉर्म भरलाय. येत्या थंडीत पुन्हा भिगवण. होडीत पाच जागा आहेत, कोण येतंय?