शब्दांचे सेवक : फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स

इंग्रजी व्याकरण, शब्दांची निवड आणि अलंकार हे विषय आपल्या पुष्कळ मुलांस रुक्ष वाटतात. परंतु ज्या शब्दांनीं मनुष्य आपल्या निर्माणकर्त्याची स्तुति करितो ते शब्द नीट शिकविणें हीहि एक सेवाच आहे, याची साक्ष फादर हॉपकिन्स यांचें चरित्र देतें.

त्यांचा जन्म इंग्लंडांत स्ट्रॅटफर्ड येथें २८ जुलै १८४४ रोजीं एका अँग्लिकन कुटुंबांत झाला. ऑक्सफर्ड येथें शिकत असतां ते सारख्या नादाचे शब्द टांचणवहींत जवळजवळ लिहून त्यांचें मूळ शोधीत. तेथेंच त्यांचें मन कॅथलिक श्रद्धेकडे वळलें. २१ ऑक्टोबर १८६६ रोजीं न्यूमन यांनीं त्यांस ख्रिस्तसभेंत घेतलें. आईबापांस त्याचें फार दुःख झालें. पुढें कांहीं महिने त्यांनीं न्यूमन यांच्या बर्मिंगहॅम येथील शाळेंत अध्यापन केलें. १८६८ सालीं स्वतःच्या कविता जाळून ते येशूसंघांत दाखल झाले. वरिष्ठांच्या इच्छेवांचून पुन्हां काव्य करावयाचें नाहीं, असा त्यांचा निश्चय होता.

१८७३ सालीं रोहॅम्प्टन येथील तरुण संघबंधूंस साहित्यशास्त्र शिकविण्याचें काम त्यांजकडे आलें. त्या व्याख्यानांचीं टिपणें आजहि उपलब्ध आहेत. छंद, यमक व अनुप्रास हे वरून चढविलेले दागिने नव्हेत, नादाची पुनरावृत्ति हें पद्याचें अंगच होय, हें ते निरनिराळ्या भाषांतील उदाहरणांनीं समजावून देत. लॅटिन वळणाच्या भारदस्त शब्दांपेक्षां शेतकरी व कारागीर यांच्या तोंडचे जुने इंग्रजी शब्द त्यांस अधिक प्रिय होते.

डिसेंबर १८७५ मध्यें टेम्स नदीच्या मुखाजवळ डॉइचलँड नांवाचें जहाज वाळूंत रुतलें व जर्मनी सोडाव्या लागलेल्या पांच फ्रान्सिस्कन भगिनी बुडून मरण पावल्या. त्या वेळीं हॉपकिन्स वेल्समध्यें ईश्वरविद्या शिकत होते. यावर कोणी तरी काव्य लिहावें, असें रेक्टरांनीं सुचवितांच सात वर्षांचें मौन संपलें. या काव्यांत त्यांनीं नवा छंद योजिला. त्यांत ओळींतील आघात तेवढे मोजावयाचे. आघातरहित अक्षरें कमी असोत वा अधिक. आपली ओवीहि गणवृत्ताप्रमाणें लघुगुरूंच्या क्रमानें बांधलेली नसते, हें आठवलें म्हणजे त्यांतील मोकळेपणा ध्यानांत येईल. परंतु संघाच्याच मासिकानें तें काव्य छापिलें नाहीं.

२३ सप्टेंबर १८७७ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. लिव्हरपूल व ग्लासगो येथील गोरगरिबांत त्यांनीं सेवा केली; नंतर स्टोनीहर्स्ट येथें प्राचीन भाषा शिकविल्या. १८८४ सालीं ते डब्लिन येथें ग्रीक भाषेचे प्राध्यापक झाले. तेथें दर वर्षीं शेंकडों उत्तरपत्रिका तपासाव्या लागत. कोणावर अन्याय होऊं नये म्हणून प्रत्येक गुण ते तोलून देत. या कामानें त्यांचे डोळे शिणत व मन खचून जाई. त्या अंधाऱ्या दिवसांतहि त्यांनीं आपला त्रास देवापुढें कवितांतूनच मांडिला. ८ जून १८८९ रोजीं विषमज्वरानें ते वारले. त्यांचें वय अवघें ४४ होतें आणि काव्यसंग्रह एकहि निघाला नव्हता.

त्यांचे ऑक्सफर्डचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनीं तीं हस्तलिखितें जपून ठेविलीं व १९१८ सालीं प्रसिद्ध केलीं. त्या आवृत्तीच्या ७५० प्रती खपण्यास सुमारें दहा वर्षें लागलीं. पुढें मात्र कीर्ति वाढत गेली, आणि १९७५ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत, कवींच्या कोपऱ्यांत, त्यांची स्मृतिशिला बसविण्यांत आली.

वाचकहो, पेरणारा पीक पाहतोच असें नाहीं. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देऊळ बांधणारांचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करितों. त्यांबरोबरच आपल्या मुलांच्या वह्यांतील चुका रात्रीं जागून सुधारणाऱ्या शिक्षकांसाठींहि प्रार्थना करूं या.