खडू, डस्टर आणि विष्णु वासुदेव नारळीकर

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, चौथीच्या वर्गात एकदा हे करून बघा. एका हातात खडू, दुसऱ्या हातात डस्टर. दोन्ही एकाच उंचीवरून एकदम सोडा. आमच्या मुलुंडच्या मुलांनी आधी पैजा लावल्या होत्या की जड डस्टर आधी पडणार. दोन्ही बरोबरच पडले. मग एका मुलीने विचारलं, पृथ्वीला कसं कळतं कोणाला किती ओढायचं ते? मी गप्प. डी.एड. ला याचं उत्तर शिकवत नाहीत!

घरी येऊन वाचायला बसले, तर ज्यांनी हाच प्रश्न आयुष्यभर धरला असे एक मराठी शिक्षक भेटले. जयंत नारळीकर सगळ्यांना माहीत आहेत. हे त्यांचे वडील, विष्णु वासुदेव नारळीकर.

जन्म २६ सप्टेंबर १९०८, कोल्हापूर. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली बी.एस्सी., मग केंब्रिज. तिथे रँग्लर झाले. पुढे तिथेच राहता आलं असतं. पण पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावलं आणि १९३२ मध्ये हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख म्हणून आले. वय २४! आपण त्या वयात पहिल्या नेमणुकीची वाट बघत असतो.

आईन्स्टाईनने १९१५ साली सांगितलं की पदार्थामुळे अवकाश-काळ वाकतो आणि त्या वाकलेल्या वाटेने सगळे सारखेच जातात, खडू असो की डस्टर. म्हणजे पृथ्वीला वेगवेगळं काही कळावंच लागत नाही. आपल्याकडे हा विषय तेव्हा फार थोडे लोक करत होते. नारळीकरांनी बनारसला त्याची शाळाच उभी केली.

आता आपल्या उपनगराचा धागा. जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ कॉलेजात शिकलेला प्रल्हाद वैद्य नावाचा गुजराती तरुण १९४२ मध्ये बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन, साठवलेल्या पैशांवर, नारळीकरांकडे संशोधनाला गेला. साल बघा, चले जावचं. अशा दिवसांत पगार नसताना संसार घेऊन परगावी जायचं, ते एका शिक्षकाच्या भरवशावर!

प्रश्न असा होता. श्वार्झशिल्डने १९१६ साली ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं उत्तर काढलं होतं, पण त्यात ताऱ्याबाहेर काहीच नाही असं धरलं होतं. खरा तारा तर प्रकाश ओततो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जेमुळेही अवकाश-काळ वाकतो. प्रकाश देता देता ताऱ्याचं वस्तुमान घटतं, तेही हिशेबात घ्यायला हवं. वैद्यांनी ते गणित सोडवलं आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध केलं. आज जगभर ते वैद्य यांच्या नावाने ओळखलं जातं, गुरूंच्या नावाने नाही. मला नारळीकर इथेच सगळ्यात जास्त आवडले.

घरातही शाळाच होती. बनारसच्या घरी त्यांनी मुलांसाठी फळे लावून घेतले होते. शिकायला आलेले मोरूमामा त्यावर लहान जयंतसाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत पुसायचं नाही. (पालकहो, खर्च एका फळ्याचा.)

त्याच मुलाने १९६४ मध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर आईन्स्टाईनच्या सिद्धांतात बदल सुचवणारा नवा सिद्धांत मांडला. डस्टरचं वस्तुमान त्याचं एकट्याचं नाही, विश्वातल्या बाकीच्या सगळ्या पदार्थामुळे ते त्याला मिळतं. विश्वात एकच कण उरला तर त्याला वस्तुमानच नसेल. भरपूर कण असले की मात्र हिशेब आईन्स्टाईनच्या समीकरणांशी जुळतो. हा सिद्धांत बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. पण वडिलांनी तीसेक वर्षं जो सिद्धांत शिकवला, त्यालाच मुलगा प्रश्न विचारत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वडील १९६० मध्ये बनारस सोडून राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. अजमेरची ती कचेरी, फायली, मुलाखती... पण १९६६ मध्ये पुणे विद्यापीठात पुन्हा गणित शिकवायला आले. १९९१ साली पुण्यात वारले.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी जमेल तेवढं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बाई, विश्वात फक्त एक डस्टर असेल तर तो पडेल कुठे? प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय. अजून पुसलेला नाही.