बोरघाटातील बोगद्यांपासून मोटारीपर्यंत : वालचंद हिराचंद

कर्जत स्थानक मागे पडले आणि पळसदरी ओलांडली, की पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा चढ सुरू होतो. डोंगराच्या दुसऱ्या बाजूस, खालापूर तालुक्यातील खोपोलीपासून मुंबई-पुणे रस्ताही त्याच बोरघाटाला भिडतो. कोकणातून देशावर चढणाऱ्या या दोन्ही वाटांशी एका उद्योजकाचा निकटचा संबंध आहे. लोहमार्गावरील बोगद्यांचे काम त्याच्या बांधकाम कंपनीने केले आणि रस्त्यावरून पुढे अनेक दशके धावलेली छोटी मोटार त्याने स्थापन केलेल्या कारखान्यात तयार झाली. शेठ वालचंद हिराचंद हे त्याचे नाव. रेल्वे, जहाज, विमान आणि मोटार या चारही क्षेत्रांत त्यांनी पाऊल टाकले. त्यांपैकी मोटारीची कहाणी सर्वांत अधिक विलंबाची आणि म्हणूनच सर्वांत अधिक बोधप्रद आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, धर्माने दिगंबर जैन. सावकारी आणि कापसाच्या व्यापारात स्थिरावलेले हे कुटुंब सोलापूरच्या मातीत पूर्णपणे मिसळून गेले होते. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजातील सुधारणावादी विचारांचे प्रतिष्ठित गृहस्थ. आईचे छत्र वालचंदांच्या अगदी तान्हेपणीच हरपले. सोलापुरातील शालेय शिक्षणानंतर ते महाविद्यालयात गेले, मात्र पदवी न घेताच घरच्या व्यवसायात उतरले. तयार पेढी, ठरलेले ग्राहक आणि ठरलेला नफा या चाकोरीत त्यांचे मन रमेना.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. त्यांना कामाची माहिती होती, परंतु भांडवल नव्हते. वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची ताकद होती, परंतु कामाची माहिती नव्हती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळ या छोट्या टप्प्याचे कंत्राट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभीचा हा काळ. एका सावकाराच्या मुलाने माती, खडी आणि मजुरांच्या व्यवहारात उतरावे, हे त्या काळी अनेकांना रुचण्याजोगे नव्हते. पहिले काम तडीस गेले, त्यातून दुसरे मिळाले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामांमुळे या भागीदारीचा व्याप वाढला. १९२० च्या सुमारास टाटा समूहाच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीची उभारणी झाली आणि तिची धुरा वालचंदांकडे आली. तानसा तलावाचे पाणी मुंबईत आणणाऱ्या जलवाहिन्यांचे आणि बोरघाटातील रेल्वे बोगद्यांचे काम याच कालखंडातले.

बोरघाटाचे काम म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. चाकांच्या वाहनांसाठी हा घाट १८३० मध्ये खुला झाला. रेल्वे मात्र १८६३ मध्ये वर पोहोचली. सात-आठ वर्षे चाललेल्या त्या कामात पंचवीस बोगदे खोदले गेले, साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी असंख्य मजुरांचे बळी घेतले. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार येथेच काम सुरू करताच मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते काम पुढे चालवले. काही ठिकाणी चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र होता. खंडाळ्याखाली गाड्यांना थांबून, दिशा उलटी करून पुढे जावे लागे. विजेवर चालणाऱ्या गाड्या आणण्याचे ठरले, तेव्हा ही उलटापालट टाळणारा नवा मार्ग आखण्यात आला. त्यासाठी नवे बोगदे आवश्यक होते. १९२९ मध्ये दिशा बदलण्याचे ते स्थानक बंद झाले आणि १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ धावू लागली. कर्जतच्या डोंगरात सत्तर वर्षांपूर्वी परक्या कंत्राटदाराने जे काम केले होते, त्याच जातीचे काम करण्याची पात्रता भारतीय कंपनीकडे आहे, हे तोवर सिद्ध झाले होते.

तथापि काम भारतीयाने करावे आणि रूळ, इंजिने, डबे परदेशातून यावेत, ही व्यवस्था वालचंदांना मान्य नव्हती. वाहतुकीची साधने ज्याच्या हाती, व्यापाराची नाडीही त्याच्याच हाती, हे त्यांनी समुद्रावर फार लवकर अनुभवले होते. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून या नव्या स्पर्धकाला संपवण्याचा प्रयत्न केला. अखेर १९२३ च्या करारानुसार सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. कंपनी जगली, पण त्यासाठी मोठी किंमत मोजून. १९२९ पासून वालचंद तिचे अध्यक्ष होते.

मोटारीच्या बाबतीत देशाची स्थिती याहून वेगळी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना सुरू केला होता. परदेशातून सुटे भाग पेट्यांत भरून यायचे, येथे ते जोडले जायचे आणि मोटार विकली जायची. मोटार जोडणे आणि मोटार घडवणे यांतील अंतर लक्षात घेऊन सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास देशी मोटार कारखान्याची सविस्तर योजना मांडली. वालचंद तिच्या पाठीशी उभे राहिले. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अनुकूलता दाखवली. दिल्लीतील सरकार मात्र हलले नाही.

त्याच वेळी आशियाच्या पूर्व टोकाला काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. जपानमध्येही फोर्ड आणि जनरल मोटर्स यांचे जुळणी कारखाने १९२० च्या दशकात उभे राहिले होते आणि बाजारपेठ त्यांच्याच ताब्यात होती. १९३६ मध्ये जपान सरकारने मोटारनिर्मितीचा कायदा केला आणि देशी उत्पादकांना संरक्षण दिले. त्या कायद्यामागे लष्करी हेतू होते, हे खरे. परंतु परिणाम असा झाला, की १९३९ पर्यंत दोन्ही अमेरिकन कंपन्यांचे तेथील काम थांबले आणि टोयोटा व निस्सान यांना पाय रोवता आले. टोयोटाचे मूळ मागाच्या कारखान्यात होते. पुढे मोटारीकडे वळलेल्या सुझुकीचा प्रारंभही १९०९ मध्ये हमामात्सू गावी माग बनवण्यातूनच झाला. सोलापूरही मागांचेच शहर. उद्यमशीलता, भांडवल आणि कारागिरी सोलापूरकडेही होती. नव्हते ते आपले म्हणावे असे सरकार.

१९३९ मध्ये महायुद्धाचा भडका उडाला. मोटारनिर्मितीसाठी सहकारी शोधण्याकरिता वालचंद अमेरिकेस निघाले. या प्रवासात विमानात त्यांची भेट विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी झाली. पॉली चीनमध्ये विमाने बनवत होता. मोटारीच्या शोधात निघालेल्या वालचंदांच्या डोक्यात विमानाच्या कारखान्याची कल्पना शिरली ती येथे. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. विशाखापट्टणम येथे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी गोदीची पायाभरणी झाली. युद्धाला विमाने हवी होती, म्हणून बंगळूरच्या कारखान्याला परवानगी मिळाली. १९४२ मध्ये सरकारने तो वालचंदांकडून विकत घेऊन आपल्या ताब्यात घेतला. मोटारीसाठी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला होता, तरी यंत्रे आणि डॉलर या दोन्हींसाठी सरकारी परवाना हवा होता. मोटार कारखाना युद्धासाठी आवश्यक नाही, अशी सरकारची भूमिका राहिली. विमान बनवण्यास परवानगी मिळावी आणि मोटार बनवण्यास मिळू नये, हा विरोधाभास वालचंदांच्या वाट्याला आला.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. टाटा समूह बाजूला झाल्यानंतर वालचंदांच्या बांधकाम कंपनीने ‘प्रीमियर’ हे नाव घेतले होते, तेच आता मोटारीला मिळाले. मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, तेथून पहिली मोटार बाहेर पडली. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या क्रायस्लरच्या मोठ्या, दिमाखदार गाड्या होत्या. संस्थानिक, व्यापारी आणि बडे अधिकारी यांच्या पलीकडे त्या पोहोचणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी, १४ मार्च १९४८ रोजी, विशाखापट्टणमच्या गोदीतून ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. वालचंदांच्या आयुष्यातील हे कृतार्थतेचे क्षण होते. मात्र १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. उद्योगसमूहाची जबाबदारी भावांनी पुढे चालवली.

ज्या मोटारीने प्रीमियरचे नाव घरोघरी पोहोचवले, तिचे युग वालचंदांना पाहता आले नाही. इटलीच्या फियाट कंपनीशी १९५१ मध्ये सहकार्य सुरू झाले, पण फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली ती त्यांच्या निधनानंतर. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने केवळ जुळणी करणाऱ्यांऐवजी प्रत्यक्ष निर्मितीचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव द्यावा, अशी शिफारस केली. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये येथील जुळणी थांबवली. विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांनी जे धोरण मागितले होते, ते असे दोन दशकांच्या उशिराने आले.

फियाट ११०० चे इंजिन अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे. गाडी आटोपशीर, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, वळणावर पटकन वळणारी. अॅम्बेसिडर ही प्रशस्त आणि भारदस्त होती, पण स्वतः गाडी चालवण्याची हौस असलेला मध्यमवर्गीय फियाटकडे ओढला जाई. खोपोलीहून घाट चढताना या दोन्हींची परीक्षा होत असे. इंजिन तापले, की गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडून पाणी घालायचे, रेल्वेला वाट दाखवणारा धनगर म्हणून लोककथेत अमर झालेल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे वाहायचे आणि पुढे निघायचे, हा मुंबई-पुणे प्रवासाचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. १९७० च्या दशकात या गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती शहराची ओळख बनली.

या यशाला दुसरी बाजूही होती. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा आल्या, गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे आणि स्पर्धाच नसल्यामुळे त्याच गाडीत मोठे बदल करण्याची निकड कारखान्याला भासेना. जपानी कारखाने संरक्षणाच्या छायेत वाढले, पण त्या छायेतून बाहेर पडून त्यांनी जगाच्या बाजारात स्पर्धा केली. भारतीय कारखान्यांना ती सक्ती कधी झालीच नाही. परिणामी, १४ डिसेंबर १९८३ रोजी सुझुकीच्या सहकार्याने बनलेली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा हलकी, स्वस्त आणि चालवायला मजेदार अशा या जपानी वळणाच्या गाडीने अल्पावधीतच बाजार काबीज केला. खुद्द प्रीमियरलाही १९८५ मध्ये आपल्या ११८ एनई या गाडीसाठी जपानच्या निस्सान कंपनीचे इंजिन घ्यावे लागले. २००० सालच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

म्हणून वालचंदांचे चरित्र केवळ यशाची यादी म्हणून वाचणे पुरेसे नाही. त्यांनी सुरू केलेला बंगळूरचा कारखाना आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून उभा आहे, विशाखापट्टणमची गोदी सरकारी हिंदुस्थान शिपयार्ड झाली, त्यांची बांधकाम कंपनी शतकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली. मोटारीचे मात्र तसे झाले नाही. ज्या दशकात जपानने आपल्या कारखानदारांना हात दिला, त्याच दशकात भारतीय कारखानदाराला परवान्यासाठी दिल्लीच्या दाराशी ताटकळावे लागले. पुढे स्वकीयांचे सरकार आले, संरक्षणही मिळाले. परंतु संरक्षणाबरोबर जी शिस्त यावयास हवी होती, ती आली नाही.

आज द्रुतगती मार्गावरून खालापूरचा टोलनाका ओलांडणाऱ्या जपानी बनावटीच्या अनेक गाड्या चढाची जाणीवही न होता घाट चढून जातात. त्यांतील बहुतेक भारतातच तयार होतात. त्या भारतात तयार व्हाव्यात, एवढेच वालचंदांना पुरेसे वाटले नसते. त्यांची घडण, त्यांचे आरेखन आणि त्यांच्यावरची मालकीही येथेच असावी, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाची पूर्तता किती झाली, हा प्रश्न त्यांच्या निधनाला सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही जुना झालेला नाही.