ज्या औषधावर केनेडी जगले, त्याच औषधाने त्यांची हाडं ठिसूळ केली?

साल होतं १९४७. अमेरिकेचा ३० वर्षांचा एक खासदार लंडनमध्ये आजारी पडला आणि थेट हॉस्पिटलमध्ये पोहोचला. नाव जॉन एफ. केनेडी.

निदान झालं अ‍ॅडिसन्स डिसीजचं. किडनीच्या वर असणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरेसं कॉर्टिसोल बनवत नव्हत्या. हे हार्मोन कमी पडलं तर साधा तापही जिवावर बेतू शकतो. बोटीने परत येताना केनेडींची तब्येत इतकी बिघडली, की धर्मगुरूंनी अखेरचे विधीही केले.

त्यांना तारलं स्टिरॉइडने. आधी मांडीत बसवलेल्या गोळ्या, मग कॉर्टिसोन. पण हेच औषध गरजेपेक्षा जास्त झालं तर हाडं ठिसूळ करतं. पुढे २००२ मध्ये त्यांचे एक्स-रे पाहणाऱ्यांना मणके दबलेले दिसले. त्यात स्टिरॉइडचा वाटा किती, यावर आजही वाद आहे.

ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला पाठीचं ऑपरेशन झालं. इन्फेक्शन झालं, केनेडी कोमात गेले, पुन्हा अखेरचे विधी झाले. तरी ते उठले आणि १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. निवडणुकीत मात्र हा आजार लोकांपासून लपवला गेला. २२ नोव्हेंबर १९६३ ला डलासमध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हाही पाठीला पट्टा होता.

आता जरा पिंपरीत येऊ. त्याच १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पुढे तिथे टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं. संबंध असा, की भारतात अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचं टीबी हे एक महत्त्वाचं कारण आहे. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेऊन ते अचानक सोडणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

मग हाडं कशी वाचवायची? स्टिरॉइड मनाने बंद करून तर नक्कीच नाही. डॉक्टर गरजेपुरता कमीत कमी डोस ठरवतात, डेक्सा स्कॅन करतात, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघतात.

हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शनही देतात. पण त्यानंतर एक-दोन दिवसांत ताप येऊ शकतो, आणि अशा पेशंटला तापात जास्त स्टिरॉइड लागतं. म्हणून इंजेक्शनच्या आधीच आपला आजार सांगायचा आणि ताप आला तर डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

केनेडींनी आजार मतदारांपासून लपवला. तुम्ही तो निदान डॉक्टरांपासून तरी लपवू नका.