आधी कुलूप, मग तिजोरी, मग खुर्ची : अर्देशीर गोदरेज आणि त्यांची माणसं

जळगाव असो की धुळे, कुठल्याही जुन्या सरकारी कचेरीत जा. तहसील, जिल्हा परिषद, सहकारी बँकेची शाखा, नाहीतर एखाद्या जिनिंगचं ऑफिस. साहेबांच्या केबिनमध्ये आता फिरती गादीची खुर्ची आलेली असेल, पण बाहेर बाबूच्या टेबलामागे वाकवलेल्या पोलादी नळीची एक जुनी खुर्ची हमखास सापडते. रंग दोनदा मारलेला, बसायची जाळी एकदा बदललेली, सांगाडा मात्र जशाच्या तसा. शेजारी राखाडी कपाट. या सामानाला आपल्याकडे फर्निचर कोणी म्हणत नाही, 'गोदरेज' म्हणतात. कपाट दुसऱ्या कंपनीचं असलं तरी त्याचं नाव गोदरेजच. मुलीच्या लग्नात काय दिलं, तर गोदरेज दिलं.

पण गोदरेज हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि हा माणूस खुर्च्या बनवायला निघालेला नव्हता. तो निघाला होता वकील व्हायला.

अर्देशीर बर्जोरजी गोदरेज यांचा जन्म २६ मार्च १८६८ चा, मुंबईचा. घर पारशी, खाऊनपिऊन सुखी. वडील आणि आजोबा जमीनजुमल्याच्या व्यवहारात होते. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. शिक्षण चांगलं झालं, लग्नही झालं. आणि लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तोच २५ एप्रिल १८९१ रोजी त्यांची पत्नी बच्चूबाई आणि घरातलीच दुसरी एक मुलगी, दोघींचा मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. दोघीही कोवळ्या वयाच्या. सगळी मुंबई हादरली, खटला उभा राहिला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, पण नेमकं काय घडलं ते कोर्टात सिद्ध झालं नाही. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, मूलबाळ झालं नाही. पुढची पंचेचाळीस वर्षं ते एकटेच राहिले. त्यांच्याबद्दल लिहिताना बरेच जण हा भाग एका ओळीत उरकतात. पण कामाच्या मागे असं झपाटल्यासारखं लागलेलं हे आयुष्य समजून घ्यायचं तर इथं थोडं थांबायला हवं.

१८९४ साली एका मुंबईच्या सॉलिसिटर कंपनीने त्यांना झांझिबारला एका खटल्यासाठी पाठवलं. (त्याच सुमारास दुसरा एक तरुण वकील, मोहनदास गांधी, दक्षिण आफ्रिकेत असाच एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी गेलेला होता.) अर्देशीर यांच्या खटल्यात असा प्रसंग आला की अशिलाची बाजू टिकवायची तर जे खरं वाटत नाही तेच खरं म्हणून सांगावं लागणार. त्यांनी साफ नकार दिला. अशील नाराज, कंपनी नाराज. अर्देशीर मुंबईला परतले ते वकिली कायमची सोडूनच.

आता विचार करा. घरचा थोरला मुलगा, शिकलेला, बायको गेलेली, आणि हातातली वकिलीही सोडून आलेला. आपल्या गावात असा पोरगा परत आला तर पारावर काय काय बोलणं होईल? अर्देशीर यांनी एका औषधांच्या दुकानात मदतनिसाची नोकरी धरली. तिथं त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरांची हत्यारं, म्हणजे चिमटे, कात्र्या, सुऱ्या, सगळी विलायतेहून येतात. हे इथं का होऊ नये? भांडवल हवं होतं. ते वडिलांकडे गेले नाहीत, वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडे गेले. वडील पैसे देतील, पण बक्षीस म्हणून देतील, आणि आपल्याला हवंय ते कर्ज, असा त्यांचा हिशेब. कामांनी ३,००० रुपये दिले.

हत्यारं चांगली झाली. ज्या कंपनीला ती विकायची होती तिलाही माल पसंत पडला. भांडण झालं ते शिक्क्यावरून. अर्देशीर म्हणत होते की मालावर भारतात बनल्याचा शिक्का पाहिजे. गिऱ्हाईक म्हणत होतं, असा शिक्का पाहिला तर कोणी विकत घेणार नाही. कोणीच मागे हटलं नाही. धंदा बसला. एका शिक्क्यापायी! व्यापारी माणूस याला शुद्ध वेडेपणा म्हणेल, आणि त्या दिवसापुरतं बघितलं तर तो बरोबरच म्हणेल. कर्ज डोक्यावर राहिलं.

मग एक दिवस पेपरात बातमी वाचली. मुंबईत घरफोड्या वाढल्या आहेत आणि लोकांनी आपली घरं-दुकानं नीट बंदोबस्तात ठेवावीत, असं पोलिसांचं म्हणणं होतं. अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले. आता कुलपं बनवायची म्हणाले. आधीचे पैसे बुडालेले असताना कामांनी पुन्हा पैसे दिले. या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात मोठं काळीज दिसतं ते या म्हाताऱ्याचं.

७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीजवळ २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झालं. २१५ चौरस फूट म्हणजे आपल्याकडच्या घराची एक मोठी खोली. गुजरात आणि मलबारकडचे डझनभर कारागीर.

त्या काळातलं साधं देशी कुलूप म्हणजे कोणाचीही किल्ली कोणालाही लागायची. अर्देशीर यांच्या कुलपात तरफा असायच्या. किल्ली फिरली की प्रत्येक तरफ ठरलेल्या उंचीवर उचलली गेली पाहिजे, सुतभर कमी नाही की जास्त नाही, तरच खटका सरकणार. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. एका प्रकारात तर अशी सोय होती की चुकीची किल्ली घालून पाहिली की आतला खटका अडकून बसायचा, आणि मालकाला कळायचं की कोणीतरी हात लावून गेलंय. दुसऱ्या एका कुलपाला दोन किल्ल्या असायच्या, आणि दुसरीने आतली रचनाच बदलता यायची, म्हणजे पहिली किल्ली नोकराकडे राहिली तरी फिकीर नाही. पुढे त्यांना दिसलं की कुलूप बिघडतं ते बहुतेक वेळा आतली स्प्रिंग तुटून. म्हणून त्यांनी बिनस्प्रिंगचं कुलूप बनवलं आणि १९०९ च्या सुमारास त्याचं पेटंट घेतलं.

कुलपानंतर तिजोरी येणार हे ओघानेच आलं. १९०२ साली पहिली तिजोरी बाजारात आली. चोरापेक्षा आगीची भीती मोठी, हे अर्देशीर यांनी ओळखलं होतं. कापूस, सरकी, गाठी यांच्यात आयुष्य गेलेल्या आपल्या खान्देशातल्या व्यापाऱ्यांना ही भीती समजावून सांगायची गरज नाही. जिनला आग लागली की माल जातो तो जातोच, पण खतावण्या आणि हुंड्या जळाल्या तर माणूस उभा राहू शकत नाही. तिजोरी लोकांसमोर आगीत घालून दाखवायची, हा अर्देशीर यांचा आग्रह होता. त्या तिजोरीची खरी परीक्षा मात्र ते गेल्यावर झाली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत स्फोट झाला, आजूबाजूच्या इमारती जळाल्या, आणि त्यातल्या गोदरेजच्या तिजोऱ्या उघडल्या तेव्हा आतले कागद शाबूत निघाले.

कंपनीच्या नावात 'अँड बॉइस' कुठून आलं, हा प्रश्न अनेकांना पडतो. मेरवानजी कामांनी आपल्या पुतण्याला, बॉइसला, भागीदार करून घ्यायला सांगितलं होतं. ज्याने दोनदा पैसे दिले त्याचा शब्द मोडायचा कसा? बॉइस आला, पण त्याचं मन काही रमलं नाही, थोड्याच काळात गेला. नाव मात्र काढलं नाही. सव्वाशे वर्षं होत आली, पाटीवर तो अजून आहे.

खरा जोडीदार मिळाला तो धाकट्या भावाच्या रूपाने. पिरोजशा, जन्म १८८२, म्हणजे अर्देशीरपेक्षा चौदा वर्षांनी लहान. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते धंद्यात आले. थोरला प्रयोग करणारा, एक गोष्ट जमली की दुसरीकडे वळणारा. धाकटा कारखाना चालवणारा, माणसं सांभाळणारा, हिशेब बघणारा. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात जाणारे कमी नाहीत. या दोघांची गाठ शेवटपर्यंत सुटली नाही.

अर्देशीर यांचा पुढचा प्रयोग साबणाचा. त्या वेळी साबणात जनावरांची चरबी असायची, आणि अनेक हिंदू-जैन घरांत ती चालत नसे. फक्त वनस्पती तेलापासून अंगाचा साबण होऊ शकतो, हे १९१९ च्या सुमारास त्यांनी करून दाखवलं. गंमत अशी की आधी आला 'नंबर दोन', 'नंबर एक' नंतर. दोन नंबरचाच एवढा चांगला तर एक नंबरचा कसा असेल, असं लोकांनी म्हणावं ही त्यामागची युक्ती. वनस्पती तेलाचा हा धंदा पुढे आपल्या दारातही आला. १९४५ साली अमळनेरला हशम प्रेमजींनी तेल-तुपाची कंपनी काढली, तिथंही साबण बनायचा, आणि त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली.

अर्देशीर स्वदेशीवाले होते, पण आंधळे स्वदेशीवाले नव्हते. देशी आहे म्हणून वाईट माल लोकांच्या गळ्यात मारायचा, हे त्यांना पटत नसे. आधी माल विलायतीच्या तोडीचा करा, मग गिऱ्हाईकाला देशप्रेम सांगा, अशी त्यांची भूमिका होती, आणि यावरून स्वदेशी चळवळीतल्या मंडळींशी त्यांचे मतभेदही होते. तरी १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. तेव्हाचे ३ लाख, बरं का.

१९२३ मध्ये पोलादी कपाटं सुरू झाली, आणि तिथून टेबल, खुर्ची, फाइलींची कपाटं असा कचेरीचा संसार वाढत गेला. तिजोरी बनवणाऱ्याला हे जड नव्हतं. पत्रा कापणं, वाकवणं, जोडणं, कुलूप बसवणं, सगळं हातखंडा झालेलं. शिवाय लाकडाचं दुखणं सगळ्या देशात एकच होतं. सातपुड्यातलं सागवान कितीही चांगलं असलं तरी प्रत्येक कचेरीला ते परवडणारं नव्हतं, आणि साध्या लाकडाला वाळवी. एका पावसाळ्यात दप्तर खलास. पोलादाला वाळवी लागत नाही. रंग नुसता फासायचा नाही, भट्टीत भाजून पक्का करायचा. म्हणून तो टिकतो. खुर्चीला कोणी पेटंटची गोष्ट सांगत नाही, पण बाबू लोक आठ-आठ तास त्यावर बसले, मागे रेलले, दोन पायांवर झुलले, आणि ती मोडली नाही.

१९२८ साली अर्देशीर यांनी कारभार पिरोजशांच्या हवाली केला आणि स्वतः नाशिकला शेती करायला गेले. वय साठ. चालता धंदा, नाव झालेलं, आणि हा माणूस निघाला मातीत हात घालायला. जानेवारी १९३६ मध्ये ते वारले. त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या यावल तालुक्यात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं.

पुढची छत्तीस वर्षं पिरोजशांची. लालबागची जागा अपुरी पडत होती. १९४३ मध्ये त्यांनी विक्रोळीला लिलावात मोठी जमीन घेतली. तेव्हा तिकडे दलदल आणि झाडी. मुंबईपासून इतक्या लांब कारखाना कोण काढतो, असं वाटण्यासारखीच जागा. त्यांनी तिथं कारखान्यासोबत कामगारांची घरं, शाळा, दवाखाना उभारला, आणि खाडीकाठचं खारफुटीचं जंगलही राहिलं. हाताशी मुलगे होते. सोराबजी बाहेरचं जग सांभाळणारे, बर्जोरजींचं लक्ष साबणाकडे, आणि नवल यांचा जीव यंत्रांत. १९५५ मध्ये देशी टाइपरायटर आला, १९५८ मध्ये फ्रीज. पिरोजशा १९७२ साली गेले.

पण विक्रोळीच्या कारखान्यातून आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचलेली मोठी वस्तू म्हणजे खुर्चीही नव्हे आणि कपाटही नव्हे. १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी पोलादी मतपेट्यांचं काम आलं. तेव्हा सगळ्यांची मिळून एकच पेटी नसायची, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. म्हणून पेट्या लागल्या लाखांनी. गोदरेजने काही महिन्यांत बारा लाखांहून अधिक बनवल्या. बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च वाढत होता, म्हणून कुलूप पेटीच्या आतच बसवण्याची सोय काढली. रेल्वेने त्या देशभर गेल्या, आणि लिहितावाचता न येणाऱ्या लाखो बाया-माणसांनी आयुष्यातलं पहिलं मत अशाच पोलादी पेटीत टाकलं.