विश्लेषण : दगड दळायला वीज किती? बाँड यांच्या सूत्राची गोष्ट

चाकण किंवा पिंपरी-चिंचवडमधील अभियंता खनिज दळणाऱ्या बॉल मिलची मोटर ठरवायला बसला, की फ्रेड बाँड यांचे सूत्र हाताशी घेतोच. १८९९ मध्ये जन्मलेल्या या अमेरिकी खाण अभियंत्याने ॲलिस-चाल्मर्स कंपनीत अनेक खनिजे दळून पाहिली. रिटिंगर यांच्या जुन्या नियमानुसार वीज नव्या पृष्ठभागाच्या प्रमाणात लागते. किक यांच्यानुसार घनफळाच्या. बाँड यांनी १९५२ मध्ये मधला नियम मांडला : माल चौपट बारीक हवा, तर वीज साधारण दुप्पट. रव्याऐवजी पीठ दळण्यासारखेच हे! बहुतेक खनिज प्रकल्पांत सर्वाधिक वीज दळणावरच खर्च होते. म्हणून गरजेपेक्षा बारीक दळणे म्हणजे फुकटचे बिल. बाँड १९७७ मध्ये निवर्तले. खनिजाचा ‘वर्क इंडेक्स’ मात्र आजही त्यांच्याच नावाने मोजतात.