रॉय फ्रान्सिस
रॉय फ्रान्सिस (२० जानेवारी, १९१९ - १ एप्रिल, १९८९) हे वेल्समधील रग्बी लीग खेळाडू व प्रशिक्षक होते. ग्रेट ब्रिटनच्या रग्बी लीग संघाकडून खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. ब्रिटनमधील व्यावसायिक सांघिक खेळांतील पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणूनही त्यांचा उल्लेख केला जातो.

खेळाडू म्हणून कारकीर्द
फ्रान्सिस यांचे बालपण वेल्समधील ब्रिनमाउर या गावी गेले. तेथे ते प्रत्येकी १५ खेळाडूंच्या रग्बी युनियनमध्ये खेळत. १९३६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते विगन क्लबात दाखल झाले व १३ खेळाडूंच्या रग्बी लीगकडे वळले. १९३९ मध्ये ते बॅरो क्लबात गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षक म्हणून काम केले.

१९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही. ऑस्ट्रेलियातील वर्णभेदाच्या धोरणामुळे त्यांना वगळण्यात आले, असे मानले जाते. पुढील वर्षी न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत त्यांना संधी मिळाली आणि त्यांनी दोन ट्राय नोंदवल्या. हा त्यांचा एकमेव कसोटी सामना ठरला. वॉरिंग्टनमार्गे १९४९ मध्ये ते हल क्लबात आले व तेथेच प्रशिक्षक झाले.

प्रशिक्षणपद्धती
त्या काळी रग्बी लीगमध्ये एका संघाने सलग किती टॅकलपर्यंत चेंडू राखावा याला मर्यादा नव्हती. त्यामुळे फॉरवर्ड खेळाडूंच्या ताकदीवर विशेष भर असे. फ्रान्सिस यांनी फॉरवर्डांकडूनही वेगाने धावण्याचा सराव करून घेतला. चपळ फॉरवर्ड चढाईत चेंडूधारकाच्या साथीला पोहोचतो आणि चेंडू गमावल्यावर बचावाच्या रांगेत लवकर परततो. अशा रीतीने एकाच सरावाने खेळाच्या दोन्ही बाजू सुधारत.

सामन्यांचे चित्रीकरण पाहून चुका शोधणे व प्रत्येक खेळाडूचा स्वभाव ओळखून त्याला तयार करणे या त्यांच्या पद्धती त्या काळी नव्या होत्या. खेळाडूंच्या कुटुंबीयांना मैदानावर आणण्याची सोयही ते करत.

या काळात हलने १९५५-५६ व १९५७-५८ या हंगामांचे अजिंक्यपद मिळवले. १९५६ च्या अंतिम सामन्यात हलने हॅलिफॅक्सला १०-९ असे हरवले. १९५९ व १९६० मध्ये मात्र वेम्बलीवरील चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यांत हलचा पराभव झाला.

१९६३ मध्ये फ्रान्सिस लीड्सचे प्रशिक्षक झाले. १९६६ मध्ये चार टॅकलची मर्यादा लागू झाल्यावर चेंडू झटपट खेळवणे आवश्यक ठरले. लीड्सने १९६६-६७ व १९६७-६८ या दोन्ही हंगामांत गुणतक्त्यात पहिले स्थान मिळवले. १९६८ मध्ये पावसाने जलमय झालेल्या वेम्बलीवर लीड्सने वेकफील्ड ट्रिनिटीला ११-१० असे हरवून चॅलेंज चषक जिंकला.

उत्तरकाळ
ज्या देशाच्या दौऱ्यातून त्यांना वगळले गेले होते, त्याच ऑस्ट्रेलियात १९६९ व १९७० मध्ये त्यांनी नॉर्थ सिडनीचे प्रशिक्षकपद भूषवले. तेथे त्यांना फारसे यश लाभले नाही. मायदेशी परतल्यावर १९७५ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली लीड्सने प्रीमियरशिप स्पर्धा जिंकली. त्यानंतर त्यांनी ब्रॅडफर्ड नॉर्दर्नलाही प्रशिक्षण दिले.

२०२३ मध्ये ब्रिनमाउर येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.